संगणकातला ऊस आणि रानातला ऊस



तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता, गाळप जोरात चालू होते. सकाळी नवाच्या सुमारास शेतकी कार्यालयात एक वयस्कर सभासद आले. आम्ही सारे त्यांना तात्याच म्हणतो. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेली नोंदीची पावती काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, लागण म्या आषाढात केली. तुमच्या मशिनीनं ती भाद्रपदात कशी नेली?"

पावतीवर जुलैची तारीख होती आणि संगणकाच्या पडद्यावर सप्टेंबरची. आडसाली ऊस, म्हणजे तोडणीची पाळी सरळ दोन महिने मागे गेली. उसाला तुरा येऊन गेला, पोकळी धरू लागली. वजन घटले की नुकसान तात्यांचे, उतारा घटला की आपल्या सर्वांचे. पुढे खोडव्याला पाण्याची पाळी मिळणार ती ऐन उन्हाळ्यात. एक तारीख चुकली आणि एवढे सगळे त्या मागोमाग चुकले.

त्या दिवशी मी संगणक विभागात जाऊन बसलो आणि कारण शोधले. आपण फिल्डमन मंडळींना मोबाइलवर ऊस नोंदणीचे अ‍ॅप दिले होते. नदीकाठच्या रानात रेंज नाही आणि रेंज नसली तर ते अ‍ॅप नोंदच घेत नसे. मग फिल्डमन काय करणार? टेपने रान मोजायचे, डायरीत लिहायचे आणि सवड मिळेल तेव्हा घरी बसून मोबाइलमध्ये भरायचे. काहींची सवड गणपती झाल्यावर निघाली. अ‍ॅपने भरल्या दिवसालाच लागणीची तारीख मानले आणि भरल्या जागेलाच उसाचा प्लॉट मानले. आम्ही नकाशा उघडला तर एका गावचा निम्माशिम्मा ऊस फिल्डमनच्या घराच्या पत्र्यावर उगवलेला! ऑपरेटर हसला, मीही हसलो. तात्या मात्र हसले नाहीत.

आता यात दोष कोणाचा? सॉफ्टवेअर करून देणाऱ्या कंपनीचे नाव घेऊन तिच्या माथी खापर फोडणे सोपे आहे. परंतु मी जुनी कागदपत्रे चाळली तेव्हा वेगळेच दिसले. फिल्डमननी ही तक्रार ऑगस्टमध्येच केली होती आणि ती कामांच्या यादीतही लिहिलेली होती. पण तिच्या वर इतर कामे होती. लेखा विभागाला लेखापरीक्षणासाठी सोसायटी कपात, ठिबक कपात, शेअर कपात यांचे निरनिराळे तक्ते हवे होते. वरिष्ठ कार्यालयाला तासाचे गाळप दाखविणारा मोठा पडदा भिंतीवर हवा होता. सभासदांना सणासुदीला शुभेच्छा जाव्यात अशीही एक सूचना होती. आणि आमच्या ऊस विकास विभागाने, म्हणजे मीच, बेणे मळ्याचे रजिस्टर आधी मागितले होते. यातील एकही मागणी वाईट नव्हती. परंतु कंपनीच्या मुलांना फोन करणारे आम्ही पाच-सहा जण, आणि जो शेवटचा फोन करी त्याचे काम पहिले होई. सर्वांना काही ना काही मिळाले, तारीख तेवढी चुकीची राहिली.

कंपनीचा एक तरुण मुलगा मला म्हणाला होता, "सर, आम्ही अजाईल पद्धतीनं काम करतो." मी कृषी पदविकावाला माणूस, मला तो शब्द नवा. मराठीत अर्थ चपळ असा होतो. म्हटले, हे चपळ काय प्रकरण आहे ते पाहू तरी. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या डोंगरातील ठिकाणी १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक लहानसा जाहीरनामा काढला. त्याचे सार मी माझ्या शब्दांत सांगतो. हत्यारे आणि नियमावल्या यांपेक्षा माणसे आणि त्यांचे एकमेकांशी बोलणे मोठे. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालता प्रोग्रॅम मोठा. करारावरून भांडण्यापेक्षा गिऱ्हाइकाला सोबत घेणे मोठे. आणि ठरल्या योजनेला चिकटून बसण्यापेक्षा बदल ओळखून वळणे मोठे. नियमावल्या, कागद, करार, योजना यांनाही किंमत आहे, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवले आहे. 'आम्ही चपळ आहोत' असे सांगून योजनाच न करणारे लोक नेमके तेवढे वाक्य वाचायचे विसरतात.

या विचाराचे एक मूळ त्याहून जुने आहे. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी नवी वस्तू तयार करणाऱ्या कंपन्यांवर एक लेख लिहिला. एका विभागाने काम संपवून पुढच्याच्या हातात द्यायचे, म्हणजे रिले शर्यतीत दांडी द्यावी तसे, ही रीत मंद पडते; त्यापेक्षा रग्बीच्या संघासारखे सर्वांनी मिळून चेंडू पुढे न्यावा, असे त्यांचे म्हणणे. रग्बी आपल्याकडे कोणी पाहिलेली नाही. पण कबड्डीत चढाई करणाऱ्याला साखळी धरून पकडतात, ते सर्वांनी पाहिले आहे. एकाने हात सोडला की गडी निसटला.

आपल्या कारखान्यात मात्र दांडीचीच शर्यत चालते. फिल्डमन नोंद करतो आणि मोकळा होतो. चिटबॉय टोळीला चिठ्ठी देतो आणि मोकळा होतो. काट्यावर वजन होते. लेखा विभाग बिल काढतो. नोंदीतील चूक बिलापर्यंत गेली तरी मधल्या कोणालाही ती आपली वाटत नाही. ती थेट सभासदाला सापडते, तीही तोडणी झाल्यावर. संगणक आणला म्हणून ही रीत बदलत नाही. संगणक तीच चूक जास्त वेगाने पुढे नेतो, एवढेच.

म्हणूनच मी हे लिहायला बसलो आहे. येत्या हंगामात नोंदीपासून बिलापर्यंत सर्व काम नव्या सॉफ्टवेअरवर, सर्व गटांत एकाच वेळी सुरू करावे, असा विचार चालू आहे. सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. साखर आयुक्तालयानेही २०२२ मध्ये 'महा-ऊस नोंदणी' हे अ‍ॅप आणले. त्या दिशेनेच सर्वांना जायचे आहे. माझा विरोध आहे तो 'सर्व गटांत एकाच वेळी' याला. आणि त्याहूनही एका गोष्टीला, ती म्हणजे या कामात शेवटचा शब्द कोणाचा, हे न ठरवता पुढे जाण्याला.

पहिल्या मुद्द्याबद्दल शेतकऱ्याला मी काय सांगावे! उसाची नवी जात आली म्हणून आपण सगळ्या कार्यक्षेत्रात एका वर्षात ती लावतो काय? आधी मूलभूत बेणे, मग पायाभूत, मग प्रमाणित. प्रत्येक पायरीवर काणी पाहायची, गवताळ वाढ पाहायची, वाईट बेट उपटून टाकायचे. फुले २६५ ही जात २००७ साली प्रसारित झाली. ती उशिरा पक्व होणारी. लवकर तोडली तर उतारा कमी पडतो आणि दोष जातीला येतो. रानात लावून, तोडून, गाळून पाहिल्यावरच हे अंगवळणी पडले. कार्यालयात बसून कोणी कितीही मोठी यादी केली असती, तरी ते तिच्यात पूर्णपणे उतरले नसते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. 'फिल्डमनला रेंज नसते' ही ओळ कंपनीने केलेल्या जाडजूड अहवालात कुठेच नव्हती. ती रानात गेल्यावरच कळली.

गेल्या हंगामात आम्ही हे एका गटात करून पाहिले. फार मोठे काही नाही. दर मंगळवारी गट कार्यालयात दोन फिल्डमन, एक चिटबॉय, काट्यावरचा एक लिपिक, लेखा विभागाच्या एक भगिनी, संगणक विभागाचा एक मुलगा आणि मी, एवढे एका टेबलाभोवती बसत असू. मंगळवार निवडला, कारण त्या दिवशी गावचा बाजार. सभासद सहज डोकावतात. आठवड्यात काय अडले ते सांगायचे, त्यातील सर्वांत नडणारे एक-दोन काम निवडायचे आणि पंधरा दिवसांत ते करून, रानात वापरून दाखवायचे. सॉफ्टवेअरवाले या पंधरवड्याला स्प्रिंट म्हणतात. आपल्याला पंधरवडा शिकवायला नको. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस बिलासाठी १४ दिवसांची मुदत घातली, तोडणी-वाहतुकीची बिले पंधरवड्याची, मुकादमाचा हिशेब पंधरवड्याचा. कारखान्याची नाडीच पंधरवड्यावर चालते!

पहिल्या पंधरवड्यात एकच काम केले. रेंज नसतानाही नोंद मोबाइलमध्ये राहील आणि रेंज आल्यावर आपोआप वर जाईल. लागणीची तारीख वेगळी आणि नोंद भरल्याची तारीख वेगळी. बस. मोठा पडदा नाही, तक्ते नाहीत. दुसऱ्या पंधरवड्यात सभासदाच्या मोबाइलवर त्याचीच नोंद मराठीत जाऊ लागली: गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख. त्यानंतर जे झाले त्याने आम्ही चकित झालो. चुका आमच्याआधी सभासदच काढू लागले. "साहेब, माझं रान तीस गुंठे, तुम्ही चाळीस लावलंय," असे स्वतः येऊन सांगणारे सभासद मी पाहिले. जादा क्षेत्र लागले तर गप्प बसावे, असा आपला समज असतो. पण क्षेत्र जादा लागले की टनेज कमी दिसते, मग घरातलेच विचारतात, बाकीचा ऊस गेला कुठे.

सगळेच जमले असे नाही. चिठ्ठी मोबाइलवर देण्याचा प्रयोग फसला. मुकादमाकडे मोबाइल असतो, पण पहाटे चारला थंडीत गाडी भरताना कोयत्यावरच्या माणसाला हातात कागदच बरा वाटतो. आम्ही पंधरा दिवसांत ते मागे घेतले. हेच काम सर्व गटांत एकदम सुरू केले असते तर मागे घेणे कोणाच्या बापाला जमले नसते, कारण तोवर सभेत जाहीर झालेले असते आणि सत्काराचे नारळ फुटलेले असतात.

आता दुसरा मुद्दा. हा जरा अवघड आहे, आणि वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

सॉफ्टवेअरच्या या पद्धतीत एक माणूस असा असतो की पुढे कोणते काम घ्यायचे आणि कोणते थांबवायचे, हे त्याने सांगायचे. सर्वांचे ऐकायचे, पण निर्णय एकाचा. आपल्याकडे असा माणूस नाही. तो संगणक विभागातला नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला प्रोग्रॅम कळतो, वाफसा कळत नाही. तो शेती खात्यातला असावा, बांधावर जाणारा असावा आणि त्याने कार्यकारी संचालकांना उत्तर द्यावे. हे मी स्वतःसाठी मागत नाही. खरे तर आमच्या खात्यातील एखादा तरुण गट अधिकारी हे काम माझ्यापेक्षा चांगले करील.

मग संचालक मंडळाने काय करावे? मंडळाने काय साधायचे ते ठरवावे. ऊस पक्वतेच्या क्रमाने तुटला पाहिजे. तोडल्यापासून २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. नोंदीची किंवा बिलाची तक्रार पंधरवड्यात निकाली निघाली पाहिजे. दर महिन्याच्या सभेत या तीन गोष्टी कुठवर आल्या, हे विचारावे, कठोरपणे विचारावे. पडद्यावर कोणते बटण कुठे असावे, हे विचारू नये. तसेच लेखा विभाग, काटा, केनयार्ड, शेती खाते या सर्वांना हीच तीन मापे लावावीत. आज प्रत्येक खात्याचे माप निराळे आहे. केनयार्डला गाड्या जास्त हव्यात, मग ऊस शिळा होतो. आमच्या खात्याला नोंदीचे एकर जास्त हवेत, मग क्षेत्र फुगते. लेखा विभागाला कागद पुरा हवा, मग बिल थांबते. प्रत्येक जण आपल्या जागी इमानदार आणि कारखाना मात्र एका जागी!

याहून खरी अडचण आहे ती पाळीची. तोडणीचा क्रम संगणकात उघडा दिसू लागला की तो मोडणारा हातही उघडा दिसतो. गेल्या तीन वर्षांत सॉफ्टवेअरला जो आतून विरोध झाला, त्याचे मोठे कारण हेच आहे, रेंज नव्हे. चिटबॉयला फोन येतो, "आमच्या पाव्हण्याची तोड आधी लाव." फोन कोणाचा, ते मी लिहीत नाही. टोळीला खुशाली देऊन पाळी ओढणारे सभासदही आहेत. आणि मीही धुतल्या तांदळासारखा नाही. माझ्या टेबलाच्या खणात वर्षानुवर्षे एक निळी वही होती. अडलेल्या सभासदाची निकड पाहून मी त्यात नाव लिहीत असे आणि क्रम मागेपुढे करीत असे. बहुतेकदा निकड खरी असे, कधी नुसती ओळख असे. तात्यांची पाळी दोन महिने मागे गेली, त्यात संगणकाची चूक होतीच. पण त्या काळात जे ऊस पुढे आले, त्यातील काही माझ्या वहीतून आले होते. हे मी तात्यांना घरी जाऊन सांगितले. त्यांनी चहा दिला, बोलले काही नाहीत.

क्रम कधीच मोडू नये, असे मी म्हणत नाही. जळीत ऊस थांबवता येत नाही. कालवा बंद झाला, विहीर आटली, चोपण रानात ऊस वाळू लागला, तर त्याला पुढे घ्यावेच लागते. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात ऊस इतका झाला की मराठवाड्यातील काही कारखाने जूनपर्यंत चालवावे लागले. अशा वर्षी नुसता तारखेचा क्रम पुरत नाही. परंतु क्रम मोडला तर कारण लिहिले पाहिजे, सही पाहिजे आणि ते गट कार्यालयाच्या फळ्यावर लागले पाहिजे. मंगळवारच्या टेबलावर आम्ही हेच सर्वांत शेवटी केले, कारण सर्वांत जास्त वाद त्यावरच झाला. फळा लागल्यावर पहिल्या आठवड्यात फोन वाढले, मग हळूहळू कमी झाले. निळी वही मी बंद केली आहे. ती संगणक विभागाच्या कपाटात आहे, कोणीही पाहावी.

कराराविषयी थोडे. निविदेत दोनशे कामांची यादी द्यायची, एक रक्कम ठरवायची आणि हंगामाच्या तोंडावर सर्व एकदम ताब्यात घ्यायचे, ही रीत गोडाऊन बांधायला ठीक आहे. तरी गोडाऊनच्या ठेकेदारालासुद्धा आपण मोजमाप घेऊन चालू बिल देतोच की! कंपनीला तसेच द्यावे. पंधरवड्यात जे काम रानात चालते झाले, फिल्डमनने वापरून सही केली, त्याचे पैसे. लेखापरीक्षकांना यात अडचण वाटू नये. उलट कागद जास्त स्वच्छ राहतो. कंपनीलाही हे परवडते, कारण शेवटी सहा महिने तिचे बिल अडत नाही.

एक सावधगिरीही सांगतो. सगळ्याच गोष्टी चपळ करायच्या नसतात. गिरणीघर, बॉयलर, काटा यांचे काम ठरल्या पद्धतीने, चोख, रात्रंदिवस चालले पाहिजे. अग्निप्रदीपन झाल्यावर काट्याच्या प्रोग्रॅममध्ये कोणी हात घालू नये. जे बदलायचे ते ऑफ सीझनमध्ये, आणि ज्या कामाची जेव्हा वेळ त्याच वेळी. जुलै-ऑगस्टमध्ये आडसालीची नोंद, तेव्हा नोंदीचा भाग. ऑक्टोबरपूर्वी ब्रिक्स तपासून पक्वतेचा क्रम, तेव्हा क्रमाचा भाग. चिठ्ठी आणि काटा पहिल्या वर्षी दोन गटांतच, कागदाची चिठ्ठी सोबत ठेवून. बिल सर्वांत शेवटी. असे केले तर सर्व गटांत पोहोचायला दोन हंगाम लागतील. वार्षिक सभेत सांगायला हे कमी पडते, मान्य आहे.

यंदाची आडसाली नोंद १ जुलैपासून सुरू होत आहे. सध्या तीन गटांत नवे अ‍ॅप राहील, बाकी गटांत नेहमीचीच पावती. फिल्डमन रानात आले म्हणजे क्षेत्र तुमच्यासमोर मोजून घ्या आणि लागणीची तारीख, जात व गट नंबर बांधावरच पाहून घ्या. मोबाइलवरचा मजकूर आणि हातातली पावती जुळली, म्हणजे मगच त्यांना पुढच्या रानात जाऊ द्या. जुळली नाही तर मंगळवारी गट कार्यालयात पावती घेऊन या. मी दुपारी बारापर्यंत तिथे असतो. आणि हो, यंदा तात्यांनी पुन्हा आडसालीच लागण करायची ठरवली आहे. नोंदीला मी स्वतः जाणार आहे.

— ऊस विकास अधिकारी